माहेरच्या पाण्याचा दाखला

(नारायणगड येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत दर शनिवारी प्रार्थना आटोपल्यावर मुलांना रांगेत उभे करून आधी नखे आणि मग दात पाहण्याचा परिपाठ होता. आणि त्या रांगेत उभा राहून ‘आ’ करणाऱ्या मुलांपैकी मी एक असल्यामुळे, आज दातांच्या रंगाविषयी चार शब्द बोलताना काही जुने देणे फेडीत असल्यासारखे मला वाटते. गुरुजी नखांत मळ दिसला की रागावत, परंतु एखाद्याचे दात पिवळे किंवा तपकिरी दिसले तर रागावत नसत. क्षणभर थांबून ते विचारीत, ‘बाळ, पाणी कुठलं पितोस? आडाचं की हापशाचं?’ दात आणि हापसा यांचा संबंध काय, हे त्या वयात कोणालाच उमगत नसे, आणि गुरुजींनाही त्याचे शास्त्र पूर्णपणे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे शेकडो मुलांची तोंडे पाहून त्यांच्या नजरेने जे हेरले होते ते खरे होते, हे मला दंतवैद्यकाचे शिक्षण पुरे झाल्यावर कळले. माझे आजचे सारे विवेचन त्या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. निरोगी दात पांढराशुभ्र असतो, ही समजूत चुकीची आहे. दाताचे जे भाग तोंडात दिसतात त्यांवर बाहेरून दंतवल्काचे कवच असते आणि त्याच्या आत दंतिन नावाचा, हाडाशी नाते सांगणारा भाग असतो. दंतवल्क हा मनुष्यदेहातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. परंतु ते दुधी काचेसारखे अर्धपारदर्शक असते, आणि दंतिन स्वभावतःच पिवळसर असल्यामुळे त्याची छटा दंतवल्कातून बाहेर डोकावते. वय वाढते तसे कवच झिजून पातळ होते आणि आतील दंतिन जाड व गडद होत जाते, म्हणून साठीच्या माणसाचे दात विशीतल्यासारखे दिसत नाहीत, दिसूही नयेत. आम्ही दंतवैद्य कृत्रिम दात जुळविण्यासाठी जी रंगपट्टी वापरतो तीत १६ छटा असतात आणि त्या साऱ्याच निसर्गाच्या आहेत. कोणी मजकडे येऊन चित्रपटातील नटासारखे दात मागतो तेव्हा मी त्याच्या हाती आरसा आणि ही रंगपट्टी देतो, आणि त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा त्याचे दात पांढरे दिसले तर ते मुखास शोभतील काय, हे त्याचे त्यालाच ठरवू देतो.

शुभ्रतेची ही ओढसुद्धा सर्वकाळ सारखी नव्हती. आपल्याच महाराष्ट्रात सुवासिनींनी दातवण लावून दात काळेभोर करणे ही एके काळी शोभेची आणि कुलीनपणाची गोष्ट समजली जात असे. हिराकस, हिरडा, माजूफळ अशा जिनसांची पूड करून ती दातांवर चोळीत. हिराकशीतील लोह आणि हिरड्यातील तुरट द्रव्य यांचा संयोग झाला म्हणजे काळा रंग उत्पन्न होतो, आणि लोहाच्या शाईचे रसायन आणि दातवणाचे रसायन या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या होत्या. जपानातही लोह आणि तुरट द्रव्यानेच दात काळे करण्याची चाल होती, आणि ती उमराव घराण्यांत बंद करण्याचा हुकूम तेथील सरकारला १८७० मध्ये काढावा लागला. ही हकीकत मी एवढ्यासाठी सांगतो की, आपल्या एखाद्या मुलीच्या दातांवर डाग आहे म्हणून तिला मान खाली घालावयास लावणारा समाज त्याच दातांच्या काळेपणास एके काळी मंगल मानीत होता, याची आठवण आपणांस असावी.

आमच्या प्राचीन वैद्यांनी मात्र शोभेचा रंग आणि रोगाचा रंग यांत घोळ केला नाही. सुश्रुताने दंतरोगांची जी गणना केली आहे तीत दातांवर साचून खड्यासारखी घट्ट होणारी दंतशर्करा, थंड-उष्ण स्पर्श न सोसणारा दंतहर्ष आणि दात सावळा-निळसर पडतो तो श्यावदंतक, अशी वेगवेगळी नावे आहेत. म्हणजे दातावर बाहेरून बसलेला मळ निराळा आणि दाताच्या अंगातच उतरलेला काळेपणा निराळा, हा विवेक त्या काळी झालेला होता. दंतधावनासाठी बारा अंगुळे लांब, करंगळीइतकी जाड काडी सांगून कडू रसात निंब, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज श्रेष्ठ, असा झाडांचा निवाडाही त्याने दिला आहे. ही चारही झाडे आपल्या मराठवाड्याच्या रानांस परकी नाहीत.

आता बाहेरून बसणाऱ्या रंगाकडे वळू. चहा, विड्यातला कात, तंबाखू या साऱ्यांतील रंगद्रव्ये दातांवरील लाळेच्या पातळ पापुद्र्यात शिरतात, आणि दात नीट घासले गेले नाहीत तर लाळेतील चुन्याचे क्षार त्यांवर साचून किटण बनते. असा डाग कोठे बसतो हे पाहिले की तो बाहेरचा असल्याची खूण पटते: तो दाताच्या मुळाशी, हिरडीच्या काठी आणि दोन दातांच्या फटीत दाट असतो, विशेषतः खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगास. तो दंतवैद्याच्या साध्या हत्याराने निघतो. ‘दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात’ असे सांगणारे लोक मला प्रत्येक गावात भेटतात. वस्तुस्थिती अशी असते की, किटणामुळे हिरडी आणि हाड आधीच खचलेले असते आणि त्या किटणाच्याच आधाराने दात तग धरून बसलेला असतो. किटण काढल्यावर फट दिसते, पण ती फट हत्याराने पाडलेली नसते.

ह्या प्रकरणी मला मिश्रीविषयी थोडे थांबून बोलावयाचे आहे, कारण आपल्या बीड जिल्ह्याशी तिचा संबंध फार निकटचा आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील हजारो कोयते, म्हणजे ऊसतोडणी करणारी जोडपी, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. साखर कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. थंडीच्या दिवसांत तांबडे फुटण्यापूर्वी अशा कोपीत मी एकदा गेलो होतो. तीन दगडांच्या चुलीवर तवा चढलेला, त्यावर तंबाखूची पाने कोळशाइतकी काळी होईपर्यंत भाजली जात होती, धूर डोळ्यांत झोंबत होता; मग ती पाने तळहातांत चुरून, फडक्यातून गाळून, डबीत भरली गेली, आणि त्या माऊलीने तर्जनीवर चिमूट घेऊन हिरड्यांना लावली. शेजारी बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने न मागता बोट पुढे केले आणि आईने तिच्याही बोटावर थोडी ठेवली. ‘लावल्याबिगर शौचाला होत न्हाई, अन् कामाला हात उचलत न्हाई,’ असे ती मला म्हणाली. तिच्या दृष्टीने ते दंतमंजन होते. वस्तुतः ती तंबाखू होती, आणि तिची सवय गुटख्याइतकीच घट्ट असते. मिश्रीने दात काळे होतात ही तिची सर्वांत सौम्य बाब होय. तिने तोंडाचा कर्करोग होतो, आणि गरोदर स्त्रीने ती लावली तर पोटातील मूल अशक्त व कमी वजनाचे निपजते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. तव्यावर भाजलेल्या पानावर कोणता हुकूम चालणार? तो घरातील वडीलधाऱ्यांनीच द्यावयाचा आहे. ह्या गडावर माळ घालून जे मद्यमांस सोडतात त्यांना मी हात जोडून विनवितो की, कंबरेची तंबाखूची चंचीही त्याच दिवशी येथे पायरीशी ठेवावी.

औषधांनीही दात रंगतात. मुलांना दिलेल्या लोहाच्या पातळ औषधाने काळी किनार येते, जंतुनाशक गुळण्यांनी तपकिरी थर बसतो, आणि हे दोन्ही निघून जातात. टेट्रासायक्लिन जातीची औषधे मात्र गरोदरपणी किंवा आठ वर्षांच्या आत दिली गेली तर ती घडत्या दाताच्या अंगातच बसतात आणि पिवळे-करडे पट्टे जन्मभर राहतात. म्हणून मुलाच्या तापासाठी दुकानातून परस्पर गोळी आणू नये. मार लागून दाताची शिर मेली तर तो एकच दात काळपट पडतो. इतके सांगून मी मुख्य गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी एक मुलगी तिच्या आईबरोबर मजकडे आली. वय एकोणीस-वीस, दुसऱ्या आठवड्यात तिला बघायला पाहुणे येणार होते. ओढणीचे टोक तोंडावरून काढावयास ती तयार नव्हती. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ अशी म्हण आपल्याकडे आहे. ह्या मुलीने दात दिसू नयेत म्हणून हसणेच सोडले होते. आईने पिशवीतून काचेची लहान बाटली काढून मेजावर ठेवली. तीत विटेची वस्त्रगाळ पूड आणि मीठ होते. चार वर्षे ती मुलगी दिवसातून तीनदा त्या पुडीने दात घासत होती. मी दिवा खाली ओढला, हवेच्या झोताने पटाशीचे दोन दात कोरडे केले, आणि दात कोरडे होताच त्यांवरील खडूसारख्या पांढऱ्या आडव्या रेघा स्पष्ट उठून दिसू लागल्या. रेघांच्या मध्ये तपकिरी पट्टा होता, आणि जसा उजवीकडे तसाच डावीकडे, जणू एकाने काढलेल्या रेषेची दुसऱ्याने नक्कल केलेली. हिरडीच्या काठी मात्र दात स्वच्छ होते, आणि विटेच्या पुडीने त्यांना खाचा पडू लागल्या होत्या. आई म्हणाली, ‘माझे दात बघा डाक्टरसाहेब, कसे हायेत. ही नीट घासीतच न्हाई.’ मी आईचे दात पाहिले; खरोखरच डाग नव्हता. मी विचारले, ‘मावशी, तुमचं माहेर कुठलं?’ गेवराई तालुक्यातले, गोदाकाठचे एक गाव तिने सांगितले. लहानपणी पाणी कुठले प्यायलात, असे विचारताच ती म्हणाली, ‘गंगेचं,’ म्हणजे गोदेचं, ‘दुसरं कुठलं?’ आणि मुलगी? मुलीचा जन्म सासरी, डोंगराकडच्या वस्तीत, जेथे तिच्या आधीपासून बोअरवर हापसा बसलेला होता. त्या क्षणी गुरुजींचा प्रश्न मला आठवला. दोघींचा घासण्यातला आळस किंवा उद्योग यांचा येथे काही संबंध नव्हता. आईच्या दातांवर तिच्या माहेरच्या पाण्याचा दाखला लिहिलेला होता, आणि लेकीच्या दातांवर तिच्या माहेरच्या.

हा दाखला वाचावयास जगास बराच काळ लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज ह्या गावी १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य व्यवसाय करावयास गेला, तेव्हा तेथे जन्मलेल्या असंख्य लोकांचे दात तपकिरी डागांचे असल्याचे त्यास आढळले. गावकऱ्यांस त्याची सवय झालेली होती आणि कोणी त्याचे कारण विचारीत नसे. मॅकेने मात्र तो प्रश्न सोडला नाही. पुढे त्या काळचे थोर दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक त्याच्या साहाय्यास आले, आणि दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या: मोठेपणी त्या गावी येऊन राहिलेल्या माणसांस हा डाग कधीच पडत नाही, तो तेथे बाळपण घालविलेल्यांसच पडतो, आणि अशा डागाळलेल्या दातांस कीड मात्र कमी लागते. मॅकेस पाण्याचा संशय होता, पण पाण्याच्या पृथक्करणात काही सापडेना. आयडाहो प्रांतातील ओकली नावाच्या वस्तीत दूरच्या एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले, अशी कैफियत तेथील मातांनी सांगितली. मॅकेने तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला, गावाने तो मानला, आणि काही वर्षांत ज्या मुलांचे नवे दात आले ते निष्कलंक आले. कारण हाती येण्यापूर्वी उपाय हाती आला, आणि तो बायकांच्या निरीक्षणाने आला, हे ह्या इतिहासातील मला सर्वांत मोलाचे पान वाटते. अखेर १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल ह्या रसायनज्ञाने बॉक्साइट ह्या गावच्या पाण्याची नव्या पद्धतीने तपासणी केली आणि त्यात फ्लोराइडचे प्रमाण अनपेक्षितपणे मोठे निघाले. आपल्या देशातही १९३७ साली मद्रास इलाख्याच्या नेल्लोर जिल्ह्यातील ह्याच व्याधीचे, दातांबरोबर हाडेही जखडून टाकणाऱ्या तिच्या उग्र रूपाचे, वर्णन प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांबरोबर आपल्या बीड जिल्ह्याचेही नाव फ्लोराइडयुक्त भूजलाच्या फेरिस्तीत आहे.

जिल्ह्यातील प्रत्येक हापसा दोषी आहे असे मी म्हणत नाही, आणि तसे कोणी समजूही नये. एका वस्तीचे पाणी निर्दोष आणि अर्ध्या कोसावरच्या बोअरचे सदोष, असे नित्य घडते. आपले पूर्वज उथळ पाण्यावर जगले. आड, बारव, नदीतला झिरा ही त्यांची साधने होती, आणि बीड शहराजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर ही त्या विद्येची उत्तम साक्ष अजून उभी आहे. १९७२ च्या दुष्काळाने हे चित्र पालटले. विहिरी कोरड्या पडल्या, माणसे आणि जनावरे वाचविण्यासाठी खडक फोडून खोल पाणी काढणे भाग पडले, आणि त्या हापशांनी जे प्राण वाचविले त्यांची कृतज्ञता बाळगूनच मी पुढचे बोलतो. खोल खडकात वर्षानुवर्षे मुरलेले पाणी खडकातील द्रव्ये विरघळवून घेते. पाण्यात चुन्याचा अंश पुरेसा असला तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते, परंतु पाणी क्षारयुक्त आणि चुन्याने दरिद्री असले तर ते तसेच विरघळलेले राहते. डोळ्यांस ते दिसत नाही, जिभेस लागत नाही, वास नाही. भारतीय मानकाप्रमाणे १ लिटर पिण्याच्या पाण्यात ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा उद्भवच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, अशी मर्यादा आहे.

ह्या फ्लोराइडचा दातावर परिणाम होतो तो दात तोंडात येण्यापूर्वी, जबड्यात घडत असताना. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी आधी मऊ प्रथिनांचा साचा मांडतात आणि मग ती प्रथिने हळूहळू काढून घेऊन त्यांच्या जागी खनिज भरतात. फ्लोराइड अधिक झाले की प्रथिने निघण्यास विलंब लागतो, खनिज पुरते भरत नाही, आणि पृष्ठभागाखाली सच्छिद्र थर राहून जातो. असा दात उगवतो तेव्हा खडूसारखा पांढुरका असतो. पुढे अन्नपाण्यातील रंग त्या छिद्रांत मुरून तपकिरी डाग उमटतो. पुढच्या कायमच्या दातांचे कवच जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत घडते, आणि आठ वर्षांपर्यंत, अक्कलदाढा सोडल्यास, हे काम आटोपते. एकदा कवच तयार झाले की ते घडविणाऱ्या पेशी नष्ट होतात, म्हणून त्याची आतून दुरुस्ती देह करू शकत नाही, आणि म्हणूनच मोठ्या माणसाने तेच पाणी प्याले तरी त्याच्या दातांवर डाग पडत नाही. त्याच्या हाडांस मात्र अधिक प्रमाणाचे भय राहतेच. येथे एक खुलासा अवश्य करतो: दंतमंजनातील फ्लोराइड हे ह्या कारणाने टाकून देण्याजोगे नाही. ते दातास बाहेरून लागते आणि किडीपासून त्याचे रक्षण करते; लहान मुलास वाटाण्याएवढेच द्यावे आणि गिळू न देता थुंकावयास लावावे, एवढे पुरे.

आता उपायांविषयी. जो डाग बाहेरचा, त्यास स्वच्छता आणि घासाई हाच उपाय आणि तो स्वस्त आहे. वयाने किंवा स्वभावतः पिवळसर असलेल्या दातांसाठी पेरॉक्साइडचा लेप वापरतात. त्यातून सुटणारा प्राणवायू दंतवल्कातून आत शिरतो आणि रंगद्रव्याचे मोठे रेणू फोडून त्यांचा रंग फिका करतो. दात खरवडला जात नाही. दंतवैद्याने दातांच्या मापाचा पातळ साचा करून द्यावयाचा, त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा लेप भरून तो रात्री दातांवर चढवावयाचा, अशी पद्धत १९८९ पासून रूढ आहे, आणि तीच मला सर्वांत सुरक्षित वाटते. खुर्चीवर बसवून अधिक तीव्र लेपाने तासाभरात हेच काम करतात. त्यात हिरड्या झाकून घ्याव्या लागतात. काही दिवस दात शिवशिवतात, म्हणजे सुश्रुताचा दंतहर्ष होतो, आणि तो ओसरतो. परिणाम कायमचा नसतो, जुन्या भरणाचा आणि टोपीचा रंग त्याने बदलत नाही, आणि किडलेल्या दातावर, गरोदर स्त्रीस किंवा वाढत्या मुलामुलींस तो मी करीत नाही. शिर मेलेल्या दातावर आधी मूळ-उपचार करून मग आतूनच औषध भरतात. टेट्रासायक्लिनचे पट्टे महिनोन्महिने लेप वापरल्यावर थोडे फिकटतात.

फ्लोराइडच्या डागास मात्र केवळ लेपाने न्याय मिळत नाही, कारण भोवतालची जमीन पांढरी झाली तरी तपकिरी पट्टा मागे राहतो. त्या मुलीसाठी मी काय केले ते सांगतो. हिरड्यांवर रबराचा पडदा बांधून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि झामा दगडाची बारीक पूड यांचा लेप मी एकेका दातावर थोडा वेळ फिरवला आणि लगेच पाण्याने धुऊन टाकला. दंतवल्काचा अगदी पातळ पापुद्रा त्याने निघतो आणि वरवरचा तपकिरी रंग त्याबरोबर जातो. मग रात्रीचा लेप दिला, म्हणजे उरलेल्या खडूच्या रेघा आणि भोवतालचा दात यांतील भेद कमी झाला. एका दातावर खोल खाच होती. तिच्यात दाताच्या रंगाचे भरण करण्यापूर्वी दोन आठवडे थांबलो, कारण लेपातील प्राणवायू दातात शिल्लक असताना भरण नीट चिकटत नाही. पाहुण्यांची तारीख आईने पुढे ढकलली, ह्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. ज्यांचे कवच ठिसूळ होऊन तुटत असते त्यांच्या दातांवर पातळ पाते किंवा टोपी बसवावी लागते. ते महाग आहे, आणि त्यासाठी दात घासावा लागतो म्हणून अगदी शेवटी करावे. ज्यांस खाजगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

करू नये अशाही गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. लिंबू आणि सोडा चोळल्याने दात पांढरा झाल्यासारखा दिसतो, कारण लिंबाचे आम्ल कवचाचा वरचा थर विरघळवते. तो थर परत येत नाही. कोळशाची पूड, राखुंडी, विटेची पूड ही पॉलिशकागदाचे काम करतात, आणि कवच गेले की आतील पिवळे दंतिन उघडे पडून दात पूर्वीपेक्षा अधिक पिवळा होतो. आठवडी बाजारात चटईवर बसून कापसाच्या बोळ्याने आम्ल लावून दोन मिनिटांत दात चकाकविणारे लोक माझ्या लहानपणी असत, आजही जत्रांतून दिसतात. मीही बाराव्या वर्षी असाच एकदा बसलो होतो, आणि माझ्या खालच्या एका दातास गार पाणी अजून सोसत नाही.

परंतु त्या मुलीचे दात नीट करून मी स्वस्थ बसलो असतो, तर गुरुजींच्या प्रश्नास अर्धेच उत्तर दिल्यासारखे झाले असते. कारण तिच्या घरी दीड वर्षाचा भाचा होता, आणि तो त्याच हापशाचे पाणी पीत होता. त्याचे पटाशीचे दात त्या दिवशी जबड्यात घडत होते. अशा घरी सांगावयाचे ते हे की, पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. साध्या गाळणीने किंवा तुरटीचा खडा फिरवल्यानेही ते जात नाही. तुरटी, चुना आणि विरंजक पूड ठरावीक मापाने घालून ते खाली बसविण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे, तिला पाण्याच्या तपासणीवरून माप ठरवावे लागते. आरओ यंत्राने ते निघते. आणि पत्र्यावरून उतरवून स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी तर त्यापासून जवळजवळ मुक्तच असते. सर्व घरास पुरेल इतके चांगले पाणी नसेल तर जेवढे असेल तेवढे गरोदर सुनेस आणि आठ वर्षांखालील मुलांस आधी द्यावे. जी मुले सहा महिने कोपीत काढतात त्यांच्यासाठी तिकडचेही पाणी विचारात घ्यावे. दूध आणि भाजीभाकर पोटभर मिळणाऱ्या मुलास ह्या द्रव्याचा जाच कमी होतो.

आज येताना मी प्लॅस्टिकच्या स्वच्छ शंभर बाटल्या आणल्या आहेत, त्या मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. काचेची बाटली ह्या तपासणीस घेऊ नये. ज्यांच्या वस्तीवर हापसा किंवा बोअर आहे त्यांनी एकेक न्यावी. हापसा आधी चारपाच मिनिटे चालवून साचलेले पाणी जाऊ द्यावे, त्याच पाण्याने बाटली दोनतीन वेळा विसळावी, गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे. बाटलीच्या चिठ्ठीवर गावाचे व वस्तीचे नाव, पाण्याचा उद्भव आणि तारीख लिहावी, आणि त्याखाली त्या पाण्यावर वाढणाऱ्या आठ वर्षांच्या आतील मुलांची संख्या लिहावी. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती बाटली जिल्हा प्रयोगशाळेत पोहोचवील. तो न सापडला तर एकादशीला येथे घेऊन या, मी स्वतः ती बीडला नेईन.